दुसऱ्यांदा टेकवलेली काठी

जमिनीतून निघालेल्या तेलातलं पाणी विजेच्या दाबानं वेगळं करणाऱ्या टाक्या आम्ही कागल एमआयडीसीत बनवतो. त्यांची चाचणी आमच्या शेडमधले सगळ्यात जुने कामगार, मामा, घेतात. "बघा पावणं, थेंबाला थेंब कसा धरतोय! जड झाला की बसला खाली!" हे ते गिऱ्हाइकाला अख्ख्या शेडला ऐकू जाईल असं सांगतात.

वीज बंद केली की मात्र गप्प होतात. आत उरलेला करंट जमिनीत जावा म्हणून अर्थिंगची काठी टाकीतल्या विजेच्या जाळीला टेकवतात. थांबतात. पुन्हा टेकवतात.

"एकदा बास की, मामा," मी एकदा हसत म्हणालो.

त्यांनी काठी खिळ्याला अडकवली.

"एक आजचं. दुसरं, माझ्या जोडीचा गडी आत उतरला, त्या दिवशी माझ्याकडनं ऱ्हायलेलं."