बाजार बंद झाल्यावर

भिंगारला आमच्या समोरच्या घरातला मुलगा कित्येक वर्षं ऑनलाइन पोकर खेळून घर चालवायचा. पत्त्यांच्या त्या खेळात जिंकला की हरला, हे त्याच्या चेहऱ्यावरून आईलासुद्धा कळायचं नाही. विचारलं तर कानाची पाळी चोळत म्हणायचा, "चाललंय." त्याचे वडील गल्लीत सांगायचे, "पोरगं कम्प्युटरवर काम करतं."

आता पोकर सोडून तो शेअरचं ट्रेडिंग शिकतोय. दुपारी बाजार बंद झाला की ओट्यावर येतो आणि वडिलांना गल्लीभर ऐकू जाईल असं सांगतो, "दादा, आज चुकलं माझं. भाव पडत होता, तरी धरून बसलो."

एकदा मी म्हटलं, "अरे, हळू बोल की."

"काका, पत्त्यात समोरच्याला फसवायचं असायचं. इथं मी मलाच फसवतो. मोठ्यांदा बोललं की ते जमत नाही."

मला हे या जन्मात जमलं नसतं.

परवा एका पाहुण्यांनी ओट्यावर विचारलं, "पोरगा काय करतो?" वडिलांनी कानाची पाळी चोळली. मग म्हणाले, "लई वर्षं पत्ते खेळून कमवायचा. आता शेअर बाजार शिकतोय. काल चुकलाय."

तेही गल्लीभर ऐकू गेलं.