रंगखात्याच्या जागेवर चुन्याची घरं

भिलाईला कारखान्याच्या बांधकामावर मी पाया आखतो. शाळा चौथीतच सुटली, पण नकाशा हातात दिला की चुन्याने जमिनीवर उतरवतो. म्हणूनच बाबांचं पत्र आलं : 'चाळ पाडणार. मागच्या गिरणीच्या बंद रंगखात्याच्या जागेवर इमारत बांधून खोल्या देणार. रविवारी संमतीच्या सह्या. नकाशा कुणालाच कळत नाही. ये.' तसाही माझा पाय एका जागी ठरत नाही. रजा टाकली आणि दुर्गला मेल पकडली.

लालबागला जायचं असेल तर दादरलाच उतरा, ट्राम थेट सोडते. भिंतींवर इंचभर जागा नाही, सगळीकडे संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा. घरी आईने बांगड्याचं तिखलं करून ठेवलेलं. दोन दिवसांची भूक एका ताटात भागली.

शनिवारी सकाळी रंगखात्यात गेलो. बाबांनी वीस वर्षं इथे सूत रंगवलं. यंत्रं गेली, छप्पर गेलं, माती अजून निळी आहे. जाणार असाल तर चपला घाला, जुन्या टाक्यांचे पत्रे मातीतून वर आलेत. बाबांनी टेप धरली, मी दोरी लावली. दुपारपर्यंत तळमजल्याच्या सगळ्या खोल्या चुन्यात उभ्या केल्या, अगदी खऱ्या मापाच्या.

चाळ बघायला लोटली. बायका चुन्याच्या उंबऱ्याशी चपला काढायला लागल्या. शेजारच्या सरूमावशी आमच्या भिंतीतून सरळ आत आल्या तशी आई ओरडली, "गो, दारान ये! घर आसा ता!"

मग दोघी आपापल्या खोलीत सूप घेऊन तांदूळ निवडायला बसल्या. बसल्यावर कळलं, पाठीला पाठ, मधे भिंत. एकीचं दार या जिन्याला, दुसरीचं त्या. गॅलरी कुठेच नाही.

"मगे मी कोणावांगडा बोलू?" सरूमावशी म्हणाल्या.

"भिंतीवांगडा," बाबा म्हणाले. आई हसली नाही. मी इतक्या लांब. तिचा सगळा दिवस गॅलरीत सरूमावशींबरोबर जातो, हे मला तेव्हा कुठे उमगलं.

रविवारी नकाशावाले साहेब आले. गॅलरी का नाही विचारलं तर म्हणाले, "आत नळ देतोय, मोरी देतोय. गॅलरी दिली तर प्रत्येक खोली दीड हाताने लहान होईल."

आत नळ हवा, आत नळ हवा म्हणत आईने जन्म काढला. ती आजही चुन्याच्या खोलीत सूप घेऊन बसली होती. उठली, सूप दीड हात आत सरकवून पुन्हा बसली. "नळ तर व्हयोच. खोली ल्हान झाली तरी चलात. पण दार हिच्या दाराक लागून व्हया."

साहेबांनी खिशातून वही काढली, मला म्हणाले, "आखा." मी जुनी रेघ पायाने पुसली, नवी मारली. त्यांनी मापं वहीत घेतली. बाबांनी संमतीवर आधी 'गॅलरीसकट' लिहिलं, मग सही केली. मागून कुणीतरी म्हणालं, "मुंबई मिळेल तेव्हा मिळेल, आधी गॅलरी घ्या!" खाली सगळ्यांच्या सह्या पडल्या.

इमारत उठेल तेव्हा खरं. मी भिलाईला परत आलोय. काल मजुरांच्या खोल्या आखायच्या होत्या. चुन्याची फक्की टाकायच्या आधी घमेली वाहणाऱ्या एका बाईला विचारलं, "काम आटपल्यावर तू कुठे बसशील?"

तिने नकाशाकडे पाहिलंही नाही. चार पावलं चालली आणि मैत्रिणीला हाक मारून तिथेच बसली. मी दोघींच्या बाजूने चुना टाकत गेलो.