येसूबाईचं खळं

शिवथरच्या खोऱ्यात ऊन डोंगरावरून उशिरा उतरतं आणि लवकर जातं. बौद्धवाडीत दिवसभर उन्हात असायचं ते एकट्या येसूबाईचं घरापुढचं खळं. त्यामुळे पापड, मिरच्या, आमसुलं वाळत घालायला सगळी वाडी तिच्याकडे यायची. नवरा गेल्यावर तिच्या दारात माणसांची ये-जा राहिली ती या वाळवणामुळेच.

मग नदीचं पाणी वर आणायला सरकारी योजनेतून वाडीला सोलर पंप मंजूर झाला. कमी पडलेले पैसे मुंबईत राहणाऱ्या वाडीकरांच्या मंडळाने घातले. मात्र सोलरच्या प्लेटा बसवण्याजोगी जागा एकच निघाली.

"काकू, खळं द्याल का?" सरपंच आम्रपालीने भीतभीतच विचारलं.

हंडे घेऊन नदीची चढण चढणाऱ्या बायकांना येसूबाई रोज पाहत होती. नाही म्हणणं तिला जमेना.

"घे गो. पन मंग माज्याकडं येनार कोन?"

आम्रपालीने ते मनात धरलं. तिने कंत्राटदाराच्या मागे लागून प्लेटांचे खांब चांगले उंच करून घेतले.

आता पाणी नळाने दारात येतं. बायका वाळवण खळ्याच्या कडेला पसरतात आणि प्लेटांखालच्या सावलीत तांदूळ निवडत बसतात.

"काकू, सावलीचं भाडं किती?" त्यातली एखादी चेष्टेने विचारते.

"चहा तू टाक, फिटलं."

सकाळी प्लेटांवर ऊन आलं की येसूबाई हात जोडते. कुणाला, असं विचारलं तर म्हणते, "ज्यांनी ज्यांनी हातभार लावला, त्या सगल्यांना."