गिरणीचे मोडके दाते आणि आमचे मामा

ठाण्यापासून कल्याणपर्यंत जे काही फिरत होतं, त्या प्रत्येक वस्तूला माझ्या चुलत सासऱ्यांनी एकदा तरी कान लावलेला होता. मी त्यांना मामा म्हणे. ते कळव्याचे मिस्त्री. त्यांच्याकडे हातभर लांबीची एक बाभळीची काठी असे. तिचं एक टोक यंत्राला टेकवायचं, दुसरं दातांत धरायचं आणि डोळे मिटून ऐकत बसायचं, ही त्यांची विद्या. आमच्याकडे आले की पाय धुण्याआधी विहिरीच्या रहाटाकडे जात. एकदा म्हणाले, "जावईबापू, हा पंधरा दिवसांचा सोबती." सोळाव्या दिवशी घागर तळाला गेली. टिटवाळ्याच्या एका लग्नात तर भर पंगतीतून उठून ते नवरदेवाच्या गाडीखाली काठी चावत बसले. वरपक्षाला वाटलं, म्हातारा रुसला. त्यांनी नारळ आणि फेटा आणून समजूत काढली. मामांनी फेटा घेतला आणि म्हणाले, "आता आसाला तेलही घाला."

कल्याणच्या ज्या भाताच्या गिरणीवर मी देखरेखीला आहे, तिथे मामांना मीच आणलं. एका वाफेच्या इंजिनावर चार जाती फिरत आणि मध्ये लाकडी दात्यांचं मोठं चाक. मार्गशीर्षात त्याचे दाते दोनदा मोडले, पौषात पुन्हा एकदा. दर वेळी मामांनी मुरलेल्या बाभळीचे नवे बसवले. अखेर शेठ मला म्हणाले, "नात्यातले म्हणून गप्प आहे. चौथ्यांदा मोडले तर मिस्त्रींनी ही पायरी चढायची नाही." मामांना दुसरं कायमचं काम नव्हतं आणि घरात दोन मुली लग्नाच्या होत्या. रोज सकाळी शिटी झाली की मी आधी त्या चाकाकडे बघे.

मामांनी मोडके दाते आमच्या ओटीवर ओळीने मांडले. हुंगून पाहिले, मग एकाला जीभ लावली.

"काका, तेलकट आहे हो ते," माझी बायको म्हणाली.

"तेच बघतोय गं. तेल पोचलंय, म्हणजे कोरडं चाललेलं नाही. झिजलेला एकही नाही. सगळे मुळातून, एका दणक्यात गेलेत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जावईबापू, हे चालू गिरणीत होत नाही. चाक जागचं उठताना होतंय."

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते गिरणीत हजर. मुद्दाम शेठही आलेले. मी नेहमीप्रमाणे चारही जाती गळ्यापर्यंत भाताने भरली. आमच्या घरात रिकामं जातं कधी कुणी फिरवलं नाही. लहानपणी मी फिरवलं तर आईने हातावर चापट मारली होती. ते अशुभ, हे माझ्या हाडात मुरलेलं. म्हणून वाफ सोडण्याआधी हे काम मी कुणावर सोपवत नसे, स्वतः हात जोडून करत असे. मामांनी भरलेल्या जात्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ते काही बोलणार तोच वाफ सुटली. मोठं चाक थरथरलं, कडाड आवाज झाला आणि दोन दाते शेठच्या पायाशी येऊन पडले.

"आता काय म्हणता, मिस्त्री?"

भरलेल्या जात्यांचं सगळं ओझं एका दणक्यात दात्यांवर येत होतं, हे मला त्याच क्षणी उमगलं होतं. भात मापायची पायली माझ्या हातातच होती. पण चार माणसांत जावयाची चूक काढणं मामांच्या शास्त्रात बसत नव्हतं. दातांतली काठी काढून ते शांतपणे म्हणाले, "लाकूड कच्चं निघालं, शेठ. चूक माझी."

आणि मी गप्प राहिलो.

बाहेर हात धुताना ते म्हणाले, "उद्यापासून आधी रिकामी फिरू द्या. वेग धरला की हळूहळू भात सोडा. आईंना काय सांगायचं ते तुम्ही बघा."

"मामा, मी आत्ता जाऊन शेठना सांगतो."

"काही नको. तुमची नोकरी जाईल, आणि पोरगी आमचीच आहे ना तुमच्या घरात? मला कळव्यात गाड्या पुष्कळ आहेत."

पुष्कळ नव्हत्या, हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्यानंतर एकही दाता मोडला नाही. शेठनी त्याचं श्रेय नव्या मिस्त्रीला दिलं. मामांच्या धाकट्या मुलीचं लग्न दोन वर्षं लांबलं. दिवाळीला येत तेव्हा ते एवढंच विचारत, "उठताना कुरकुरत नाही ना?" मी नाही म्हटलं की मनापासून खूश होत, आणि त्या खुशीत माझ्याविषयी कसलीही अढी मला कधी सापडली नाही. सापडली असती तर बरं वाटलं असतं.

मामांना जाऊन तीन वर्षं झाली. शेठना मी अजून सांगितलेलं नाही. सकाळी जाती रिकामी फिरतात, तेवढा वेळ मी दाराबाहेर जाऊन उभा राहतो.