रॉनीची काळी गिटार आणि आमची

आमच्या ऑर्केस्ट्रातले आम्ही चौघं आता भेटतो ते कुणाच्या तरी मुलाच्या लग्नात. कुठल्या गावात कुठलं गाणं वाजवलं, हे कुणालाच धड आठवत नाही. पण जेवणं होऊन पान तोंडात गेलं की कुणीतरी म्हणतं, "ती गिटार..." आणि मंडपवाला खुर्च्या उचलायला लागला तरी आम्ही हलत नाही. एका गिटारीचे एवढे किस्से कसे साठले कोण जाणे!

चौघं म्हणजे कोण, ते आधी सांगतो. विलास कर्जतला शाळेत ड्रॉइंग मास्तर आणि आमचा गिटारवाला. इस्माईलभाईंचं बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे साऊंड त्यांच्याकडे. दत्तू सुतार कडावचा. तो वाजवायचा काहीच नाही, एकदा स्टेज ठोकायला आला तो आमच्यातच राहिला. आणि मी, दिवसा खोपोलीच्या कारखान्यात आणि संध्याकाळी बोंगोवर.

सत्तरच्या दशकात मुंबईत रॉनी नावाचा एक रॉक वाजवणारा होता. विलासने त्याला कुठल्याशा कॉलेजच्या कार्यक्रमात ऐकलं आणि घरी येऊन दोन दिवस नुसत्या गिटारीच काढत बसला. मग म्हणाला, मला तसलीच गिटार पाहिजे. पण तसली दुकानात मिळणार कुठून? रॉनीने आपली गिटार स्वतःच कापून, कोरून, बटणं बसवून वेगळी केली होती. म्हणजे आता बनवणं आलं.

*

विलासने एका इंग्रजी साप्ताहिकातला रॉनीचा फोटो मिळवला. काळापांढरा, हाताच्या पंजाएवढा. तो दत्तूसमोर ठेवला. दत्तूने बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "मास्तर, हिच्या पोटाला भोक नाय. आवाज कुठनं येतो?"

इस्माईलभाई म्हणाले, करंटवर चालते.

"आनि लाईट गेली मंग?"

कर्जतमध्ये तेव्हा लाईट जितकी यायची तितकीच जायची. विलास माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "मग यांचा बोंगो."

*

त्यानंतर विलास शाळेच्या मुलांना घेऊन परीक्षेसाठी अलिबागला गेला. दत्तूने त्याची वाट बघितली नाही. फोटोवरून गिटार कापली, घासली, शाळेच्या फळ्याचा काळा रंग दिला आणि तयार करून ठेवली. विलास आला, त्याने ती गळ्यात अडकवली आणि त्याचा चेहरा उतरला. सगळं उलटं होतं. डावखुऱ्याची गिटार!

दत्तू म्हणाला, "फोटोत हाय तशीच केली."

विलास चिडला नाही. तो फोटो घेऊन खिडकीशी गेला आणि तिथूनच हसत परत आला. फोटोत रॉनीच्या शर्टाचा खिसा त्याच्या उजव्या छातीवर होता, तो असतो डावीकडे. छापताना फोटोच आरशातल्यासारखा उलटा झाला होता.

ती गिटार दत्तूने घरी नेली. त्याची बायको ती पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवायची. एवढा लांब दांडा असलेलं झाकण कडावमध्ये दुसऱ्या कुणाकडे नव्हतं.

*

मग कळलं की मे महिन्यात रॉनी माथेरानला एका हॉटेलात वाजवतो. रविवारी नेरळहून चढत आम्ही चौघं वर गेलो. हॉटेलात शिरायची हिंमत होईना, म्हणून कुंपणाबाहेर उभं राहून विलास चित्र काढायला लागला. दत्तू एक डोळा मिटून अंगठ्याने मापं घेत होता. वॉचमनला वाटलं, आम्ही हॉटेलचा नकाशा काढतोय. त्याने मॅनेजरला बोलावलं, मॅनेजर आरडाओरडा करायला लागला आणि वाजवणं थांबवून रॉनीच बाहेर आला. उंच, सडपातळ, लाल मातीने भरलेल्या चपला.

त्याने चित्र पाहिलं, आम्हाला आत नेलं, चहा सांगितला आणि गिटार टेबलावर आडवी ठेवून दिली. दत्तूने ब्राऊन पेपर पसरून पेन्सिलीने तिची कड उतरवली. वरचा शिंगासारखा कोपरा रॉनीने करवतीने कापला होता, कारण तो बरगडीला टोचायचा. मागे पितळेची पट्टी होती, कारण एकदा गिटार जिन्यावरून पडली होती.

राहिलं एक लाल बटण. फोटोत ते ठिपक्यासारखं दिसायचं आणि त्याच्यावरून आमच्यात महिनाभर वाद होता. विलासचं म्हणणं, त्याने सूर लांबतो. इस्माईलभाई म्हणायचे, आवाज घुमतो. शेवटी विलासने विचारलंच.

रॉनी त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला, "ते दाबला की आवाज बंद. लोक माझ्याबद्दल काय बोलते, ते ऐकायचा असते ना."

*

गिटार या वेळी हुबेहूब झाली. रंग चौक गावच्या एका गाड्या रंगवणाऱ्याकडून मारून घेतला. आतली तांब्याच्या तारेची कॉईल इस्माईलभाईंनी हाताने गुंडाळली. पहिला कार्यक्रम लोधिवलीला, संध्याकाळचा. विलासने झोकात सुरुवात केली आणि मधेच स्पीकरमधून एक गृहस्थ बोलायला लागले. गिटारीने रेडिओ पकडला होता. शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम, भातावरची कीड.

विलास घामाघूम झाला. इस्माईलभाई तारा हलवत होते. कुणी हसायच्या आत पुढच्या रांगेतले एक शेतकरी हात वर करून उभे राहिले.

"मास्तर, वाईच थांबा. औशिदाचं नाव ऐकू द्या."

आम्ही थांबलो. सगळ्या गावाने ते नाव ऐकलं. मग पुढचं गाणं.

*

पुढच्या वर्षी माथेरानचा सीझन संपवून रॉनी खाली उतरला तो थेट दत्तूच्या सुतारकामाच्या शेडमध्ये आला. तो देश सोडून बहिणीकडे परदेशात निघाला होता. तिकडे वाजवणार का, असं विलासने विचारलं, तर म्हणाला, बघू.

त्याने आमची गिटार मागितली. बाकावर दोन्ही शेजारी ठेवल्या आणि नुसता बघत बसला. तोच कापलेला कोपरा, तीच पट्टी, तेच लाल बटण. मग आमची उचलून वाजवली. दत्तू शेडच्या दारात पाठमोरा उभा राहून ऐकत होता. रॉनीने त्याला विचारलं, माझ्यासाठी एवढी मेहनत का केलीस? दत्तू म्हणाला, "तुमच्यासाठी नाय, मास्तरांसाठी."

रॉनी हसला. त्या संध्याकाळी दहिवलीला आमचा कार्यक्रम होता, तिथे तो आमच्याबरोबर वाजवायला बसला. शेवटच्या गाण्यानंतर त्याने स्वतःच्या हाताने आमच्या पेटीत गिटार ठेवली, चौघांना मिठी मारली आणि गाडी पकडली.

काही महिन्यांनी गिटार खरखरायला लागली. दत्तूच्या शेडमध्येच इस्माईलभाईंनी मागचं झाकण उघडलं आणि ते बघतच राहिले. म्हणाले, ही कॉईल माझी नाही. दत्तूने आत बोट फिरवलं. लाकूडही त्याचं नव्हतं. ही रॉनीची गिटार होती.

विलास दुसऱ्याच दिवशी माथेरानला गेला. त्याने त्या हॉटेलात विचारलं, मुंबईत ओळखीपाळखीच्या लोकांना गाठलं. रॉनीचा पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता. त्याची घाईत चूक झाली असणार, असं विलास कितीतरी वेळ म्हणत होता. इस्माईलभाई म्हणायचे, आपल्या पेटीत ती त्यानेच ठेवली.

दत्तूने झाकण परत बसवलं, एकेक स्क्रू पिळला आणि हात पुसले.

"म्हंजे माझी तिकडं वाजतीय," तो म्हणाला.