मावशीचं गाणं दुकानात जातं

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ते दाराशी काढलेल्या चपलांसारखे आपोआप साचतात, आणि निघताना कुठला कुणाचा तेच कळत नाही. आमच्या स्टुडिओत तर गाण्यांपेक्षा किस्सेच जास्त झालेत!

स्टुडिओ म्हणजे लोणावळ्यात नंदूच्या वडिलांच्या चिक्कीच्या दुकानावरची खोली. भिंतींना गोधड्या, खालून गुळाच्या पाकाचा वास, आणि खिडकी उघडी राहिली की धुकं सरळ आत येऊन बसतं. नंदू मालक, मी रविवारचा साउंडवाला. आठवडाभर नवलाख उंबरे गावातल्या कंपनीत मशीनचा खडखडाट ऐकायचा आणि रविवारी इथे येऊन कान धुवायचे, असं माझं चाललेलं असतं.

अशाच एका रविवारी जवळच्या भाजे गावाहून सुभद्रामावशी आणि तिचे यजमान गेनूआबा आले. मावशी भाताच्या आवणीची, म्हणजे रोपं लावतानाची, गाणी म्हणते, आबा ढोलकी वाजवतात. आबांना हल्ली ऐकू कमी येत चाललं होतं.

"माजं कान मिटायच्या आत हिचं गानं त्या मोबाइलच्या दुकानात आलं पायजे," आबा म्हणाले. "तितनं ऐकायचंय मला."

मग हळूच विचारलं, "दुकान कंच्या चौकात हाय?"

* * *

मोबाइलवर गाणी मिळतात त्या ऑनलाइन दुकानांचे नियम फार. फाइल कशी हवी, सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतलेले हवेत, सगळं लिहिलेलं. नंदू मोठ्यानं वाचत होता, "सॅम्पल रेट इतका... सॅम्पल रेट तितका..."

काका, म्हणजे नंदूचे वडील, तावातावानं जिना चढून वर आले. "सॅम्पलला रेट? अरे, आपल्या दुकानात सॅम्पल कायम फुकट!"

आणि मावशीच्या हातावर चिक्कीचा तुकडा ठेवून खाली गेले.

* * *

पहिलं रेकॉर्डिंग झकास झालं. नंदूनं कॉम्प्युटरवर जागा व्हावी म्हणून छोटी एमपीथ्री ठेवली आणि मूळ फाइल उडवून टाकली! दुकानाला हवी होती वेव्ह, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळलेली जड फाइल. नंदूनं काय करावं? एमपीथ्रीचीच परत वेव्ह केली.

"बघ, कसलं वजन वाढलं!"

काका चहा घेऊन आले होते. त्यांना सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "पाकात पाणी घालून वजन वाढवलं, तर चिक्की धरते का रे?"

दुकानानंही तेच कळवलं, फक्त इंग्रजीत.

पुन्हा रेकॉर्डिंग करायचं ठरलं. तोवर आबांना हाक दोनदा मारावी लागायला लागली होती. मी मनातून घाबरलो.

* * *

आबांना आता जिनाही झेपेना. मग माइक घेऊन आम्हीच भाज्याला गेलो. श्रावण होता, घरामागे डोंगरावरून पाणी कोसळत होतं. आबा मावशीच्या ओठांकडे बघत ढोलकी वाजवत होते, आणि एक ठोका इकडचा तिकडे होत नव्हता. मी हेडफोन लावून बसलो होतो. ही दुपार संपूच नये असं वाटत होतं.

दुकानाचा मेल आला: मागे सतत 'हिस्स' असा आवाज येतोय.

मी सॉफ्टवेअर लावून पाणी पुसून काढलं. पाण्याबरोबर मावशीचे सगळे 'स' आणि 'श' पण गेले! भाज्याला जाऊन मावशीला ऐकवलं, तर ती दचकून म्हणाली, "आरं, माजा संसार कुटं गेला?"

गाण्यातल्या 'संसारा'चा 'अंआर' झाला होता.

काय बिघडलं ते आबांना कळेना. मी बोट करून धबधबा दाखवला. आबा म्हणाले, "मंग? डोंगराला सांगू का, नळ बंद कर म्हनून?"

* * *

नळ आपला आपणच बंद झाला, भात पिवळं पडायला लागल्यावर. सकाळी पोचलो तर अंगणात धुकं इतकं, की ढोलकी आधी ऐकू आली आणि आबा मागून दिसले. गाणं एका दमात झालं.

दुकानानं फाइल घेतली! आता फक्त गाण्याचा प्रकार निवडायचा होता. डिव्होशनल, फोक, वर्ल्ड. नंदूनं तिन्ही शब्दांचा अर्थ आबांच्या कानात ओरडून सांगितला.

"वर्ल्ड टाक," आबा म्हणाले. "भाजं बी जगातच हाय!"

* * *

गाणं दुकानात आलं, त्या रविवारी आम्ही पुन्हा भाज्याला गेलो. भात झोडून झालं होतं, पेंढ्यावर ऊन पडलं होतं. नंदूनं फोनवर सगळ्यात वरची क्वालिटी निवडली, स्टुडिओतले चांगले हेडफोन आबांच्या कानांवर बसवले, आवाज पूर्ण वाढवला.

आबा डोळे मिटून बसले. गाणं सुरू झालं, संपलं. आबा तसेच.

मग डोळे उघडून म्हणाले, "लावलं का?"

नंदूनं मान फिरवली. मला रडू येत होतं.

मावशीनं हेडफोन काढून बाजूला ठेवले. आबांच्या कानाला तोंड लावलं आणि गायला लागली. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. आबांची बोटं मांडीवर चालायला लागली.

गाणं संपलं. "हां, आलं आलं!" आबा म्हणाले. "कोन बाई म्हनती गं?"

मावशी कानात म्हणाली, "हाय येक. हितलीच, भाज्याची."

"लय ग्वाड गाती," आबा तिच्याकडे बघून गालात हसत म्हणाले. "लगीन झालंय का तिचं?"