नोरीन काय, येणारच

माझी शेजारीण नोरीन गिल्हूली वीस वर्षं काउंटी कौन्सिलवर, म्हणजे इथल्या जिल्हा परिषदेवर आहे. या वीस वर्षांत शॅनन नदीच्या या काठावरचा एकही अंत्यविधी तिने चुकवला असेल तर माझं नाव बदला. सकाळी रेडिओवर निधनवार्ता लागल्या की हातातला टोस्ट खाली ठेवून ती पेन शोधते. घरच्यांचा हात हातात घ्यायचा, "वाईट झालं" म्हणायचं, दोन सँडविच खायची आणि निघताना त्यांच्या दारातला खड्डा वहीत टिपायचा. पंधरवड्यात डांबर येतं. आमचे रस्ते मेलेल्यांच्या पुण्याईने सुधारतात, असं मी तिला तोंडावर म्हटलं होतं.

"मग तू कधी जातोस, डेक्लन? तुझ्या फाटकापुढच्या खड्ड्याचं काम कधीचं अडलंय."

मागच्या निवडणुकीत सहा जागांना तेरा जण उभे होते. आमच्याकडे मतपत्रिकेवर पसंतीचे आकडे टाकतात, एक, दोन, तीन, पुढे मन भरेपर्यंत. नोरीन दारोदार फिरली. प्रत्येकाने तिला चहा पाजला आणि एकच ऐकवलं, की तुला कसली काळजी, तू तर येणारच. ती येणारच, म्हणून मग ज्याने त्याने पहिला आकडा दुसऱ्याच कुणा गरजूला दिला. कुणी भाच्याला, कुणी फुटबॉलच्या प्रशिक्षकाला. मी माझ्या मेव्हण्याच्या चुलतभावाला दिला. त्याला त्याच्या बायकोने तरी दिला की नाही, शंका आहे.

क्रीडा केंद्रात मोजणी झाली. पहिल्या फेरीत नोरीन नववी. अर्धं गाव आपापल्या बुटांकडे बघायला लागलं. ती कोपऱ्यात थर्मासमधला चहा ओतत होती. काहीतरी बोलावं म्हणून मी गेलो, तिचा हात हातात घेतला आणि सवयीने बोलून गेलो, "वाईट झालं, नोरीन."

"अजून पुरलं नाहीये मला. बस खाली."

बसलो. जो सगळ्यात मागे तो बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जातात. मेव्हण्याचा चुलतभाऊ लगेच गळाला, मग भाचा, मग प्रशिक्षक. प्रत्येकाच्या गठ्ठ्यातून नोरीनची दुसरी, तिसरी, पाचवी पसंती निघत राहिली. गाव तिला विसरलं नव्हतं, त्याने तिला फक्त रांगेत उभं केलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी, शेवटच्या फेरीत, शेवटच्या जागेवर, तीन मतांनी ती आली.

त्या तीन मतांवर आज निदान चाळीस जण हक्क सांगतात. मीही सांगायला गेलो. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"मला कितवा आकडा दिलास?"

खोटं बोलणार होतो, पण तिने चष्मा चढवला होता. म्हटलं, "चौथा."

तिने वहीचं कोरं पान उघडलं, वरच्या तीन ओळी सोडल्या आणि चौथीवर माझ्या फाटकापुढचा खड्डा लिहिला.

वरच्या ओळी पुढे भरल्या, आणि त्यातले पहिले दोन खड्डे बुजले. तिसरा आमच्या चर्चच्या फादर मॅलकींच्या दारातला आहे, आणि त्यांनी तिला कितवा आकडा दिला ते मला आता कळलं.